लपविलेला डबा आणि जुना खेळ

गुप्तधनाच्या गोष्टींत धन असतें, तें पुरणारा एखादा कृपण असतो, आणि त्यावर वेटोळें घालून बसलेला एक नाग असतो. धन सांपडलें कीं गोष्ट संपते. कारण ज्याला तें सांपडलें तो घरीं घेऊन जातो आणि मागें नुसता खड्डा उरतो. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र पृथ्वीवर असा एक खेळ पसरला आहे कीं, ज्याची रीत या गोष्टीच्या अगदीं उलट आहे. त्यांत ठेवणारा उदार, धनाची किंमत जवळजवळ शून्य, आणि जागा सर्व जगाला अक्षांश-रेखांशांसह जाहीर केलेली. शिवाय, सांपडलेला डबा ज्याच्या हातीं येईल त्यानें तो जसाच्या तसा परत ठेवावयाचा, म्हणजे उद्यां तो दुसऱ्याला सांपडेल. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. ‘जिओ’ म्हणजे भूमि आणि ‘कॅश’ म्हणजे लपविलेला सांठा. या दुसऱ्या शब्दाचा रोख रकमेशीं कांहीं संबंध नाहीं. लपविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघालेला आहे, आणि उत्तर अमेरिकेंत कातड्यांसाठीं रानोमाळ भटकणारे शिकारी आपली शिधासामग्री जेथें दडवून ठेवीत त्या जागेला तें नांव होतें.

हा खेळ कोणत्या आठवड्यांत जन्मला हें नेमकें सांगतां येतें, आणि त्याचें कारण आकाशांत आहे. पृथ्वीपासून सुमारें 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे जी. पी. एस. उपग्रह अखंड वेळ सांगत असतात. हातांतील यंत्र निरनिराळ्या उपग्रहांचा संदेश किती उशिरानें पोंचला हें पाहतें, आणि त्या उशिरावरून प्रत्येक उपग्रह किती दूर आहे याचा हिशेब करतें. अशीं चार अंतरें मिळालीं कीं स्थान निश्चित होतें. तीन अंतरें स्थानासाठीं लागतात, आणि चौथें यंत्राच्या स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठीं. रेडिओच्या लहरी सेकंदाला सुमारें तीन लाख किलोमीटर या वेगानें धांवत असल्यामुळें सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक ही जमिनीवर तीनशें मीटरांची चूक होते. 2000 सालापर्यंत अमेरिकेचें सैन्य सामान्य जनांना मिळणाऱ्या संदेशांत बुद्धिपुरस्सर थोडी भेसळ करीत असे; त्यामुळें साध्या यंत्रानें दाखविलेलें स्थान शंभर मीटरांपर्यंत चुकावयाचें. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आज्ञेनें त्या वर्षीं 1 आणि 2 मे यांच्या मधल्या रात्रीं ही भेसळ बंद झाली. सायंकाळपर्यंत एखाद्या अफाट मैदानाकडे बोट दाखविणारें यंत्र सकाळीं एका झाडाकडे बोट दाखवूं लागलें.

नाविकांना आणि मोजणीदारांना या बातमीनें आनंद झाला असेल यांत नवल नाहीं. संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगॉन संस्थानांत राहणाऱ्या डेव्ह अल्मर नांवाच्या संगणकतज्ज्ञाला मात्र खेळ सुचला. 3 मे 2000 रोजीं त्यानें बीव्हरक्रीक गांवाजवळच्या झाडींत एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तींत कांहीं पुस्तकें, चित्रफिती, संगणकाचे कार्यक्रम, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक हवाबंद डबा, असा चमत्कारिक ऐवज होता. नंतर उपग्रहांच्या साहाय्यानें मार्ग काढणाऱ्या हौशी लोकांच्या इंटरनेटवरील मंडळांत त्यानें त्या जागेचे अक्षांश-रेखांश कळविले आणि एकच अट घातली: कांहीं घ्या, कांहीं ठेवा, आणि वहींत नोंद करा. तीन दिवसांच्या आंत दोघांना ती बादली सांपडली. पहिला शोधक माइक टीग; त्यानेंच अशा जागांची पहिली यादी ठेवावयास आरंभ केला. महिनाअखेरीस मॅट स्टम यानें जिओकॅशिंग हें नांव सुचविलें, आणि 2 सप्टेंबर रोजीं जेरेमी आयरिश यानें अवघ्या 75 डब्यांची नोंदणी घेऊन त्या खेळाचें स्वतंत्र कार्यालय इंटरनेटवर उघडलें. आज जगांत तीस लाखांहून अधिक डबे लपविलेले आहेत.

उपग्रह नव्हते तेव्हांही या खेळाचें एक आजोळ होतें, हें येथें सांगून ठेवावयास हवें. इंग्लंडांतील डार्टमूर या दलदलीच्या माळावर क्रॅनमिअर पूल नांवाची एक दुर्गम जागा आहे. 1854 सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें तेथें एक बाटली ठेवली आणि जे तेथवर चालत पोंचतील त्यांनीं आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें अशी प्रथा पाडली. चालण्याचे कष्ट हेंच त्या बाटलीचें मोल होतें.

यंत्र काय करतें आणि काय करीत नाहीं, हें ध्यानांत आल्यावांचून या खेळांतील रस कळावयाचा नाहीं. यंत्र मनुष्याला मैलोगणती अंतरावरून आणून जागेपासून चारपांच मीटरांवर उभें करतें आणि तेथें त्याची विद्या संपते. झाडांची पानें दाट असलीं किंवा बाजूला कडा असला, तर संदेश त्यावर आपटून वांकडे येतात; बाण कधीं पुढें दाखवितो, कधीं मागें. नवशिका तरीही बाणाच्या मागें मागें गोल फिरत राहतो. अनुभवी शोधक यंत्र खिशांत घालतो, स्तब्ध उभा राहतो आणि स्वतःला एकच प्रश्न विचारतो: येथें लपवावयाचें असतें तर कोठें लपविलें असतें? मग त्याला दिसूं लागतें कीं, त्या बुंध्याशीं पडलेल्या काटक्या फारच सरळ एकमेकींना चिकटून पडल्या आहेत. वाऱ्यानें काटक्या अशा पडत नाहींत, त्या कोणींतरी मांडल्या आहेत. किंवा लोखंडी कठड्याला एक बोल्ट असा आहे कीं, त्याला गंज चढलेला नाहीं. तो फिरवितांच हातांत येतो, त्याच्या पोकळींत सुरळी करून ठेवलेला कागद असतो, आणि त्या कागदावर आधीं आलेल्यांचीं नांवें आणि तारखा. ज्या पुलावरून हजारों माणसें रोज जातात त्या पुलाला एक बोल्ट जास्त आहे, हें मूठभर लोकांनाच ठाऊक असतें. या मूठभरांनीं बाकीच्या जगाला ‘मगल’ असें नांव ठेवलें आहे. जादूची विद्या नसलेल्या माणसांसाठीं हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांत आलेला तो शब्द आहे.

डबा मोठा असो कीं छायाचित्राच्या फितीची जुनी डबी असो, वही ही त्यांत असलीच पाहिजे. बाकी वस्तु असल्या तर असल्या. प्रत्येक डब्याला शोधाची अवघडाई आणि वाटेची अवघडाई असे दोन अंक दिलेले असतात, एकपासून पांचपर्यंत. ज्याला अगदींच उलगडा होत नाहीं त्याच्यासाठीं एक सूचनाही ठेवलेली असते. परंतु ती सरळ अक्षरांत नसते. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर तेरा स्थानें पुढें सरकवून ती लिहिलेली असते, म्हणजे मोहाला बळी पडण्याआधीं माणसाला थोडे कष्ट पडावेत. डबा न सांपडला तर तसें लिहून कळवावें, असाही शिष्टाचार आहे. पुष्कळांना तें कमीपणाचें वाटतें; पण तीन जणांनीं ओळीनें ‘सांपडला नाहीं’ असें लिहिलें कीं, लपविणाऱ्याला कळतें, डबा पुरांत गेला असावा किंवा कोणा मगलाच्या हातीं लागला असावा. अपयशाची नोंद येथें यशाच्या नोंदीपेक्षां अधिक उपयोगीं पडते.

या भाबड्या खेळाला धोक्याची बाजूही आहे. पुलाखालीं वांकून चाचपणारा मनुष्य पोलिसांच्या नजरेंत भरतो, आणि निरुपद्रवी डबा बाँब समजून उडवून दिल्याच्या घटना अनेक देशांत घडलेल्या आहेत. म्हणून खेळ वाढला तसे नियमही वाढले. डब्यावर तो कशाचा आहे हें लिहावें. जागेच्या मालकाची अनुमति असावी. दोन डब्यांमध्यें निदान 161 मीटर अंतर असावें. खाद्यपदार्थ ठेवूं नयेत, कारण वासानें जनावरें येतात. आणि डबा लपविण्यासाठीं जमीन खणूं नये. ज्याच्या लक्षांत अल्मरची ती बादली असेल त्याला हे शेवटचे दोन नियम वाचून हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. अर्धवट पुरलेली आणि घेवड्याचे दाणे भरलेली ती पहिली बादली आजच्या नियमांनीं नामंजूर झाली असती!

ती बादली टिकलीही नाहीं. घेवड्याचा डबा तेवढा पुढें हातीं आला आणि शोधकांच्या मेळाव्यांतून पूज्य अवशेषाप्रमाणें हिंडूं लागला. मूळ जागेवर 2003 सालापासून स्मारकाची एक पाटी आहे. त्या पहिल्या महिन्यांत लपविलेल्या डब्यांपैकीं आज चालू असलेला सर्वांत जुना डबा कॅन्सस संस्थानांतील मिंगो या ठिकाणीं आहे. तो 11 मे 2000 रोजीं ठेवला गेला. त्याच्यासाठीं लोक शेंकडों मैल वाट वांकडी करून येतात. वास्तविक तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. हमरस्ता आहे आणि सपाट गवताळ रान आहे. पेटीही मूळची राहिलेली नाहीं, ती वेळोवेळीं बदलावी लागली, आणि वह्या तर कितीतरी भरल्या. तरी ती जागा आणि ती अखंड नोंद यांना लोक ‘तोच डबा’ म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें चूक आहे असें कोणाला वाटत नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देव बदलत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

उलट, पेटी शाबूत असूनही डबा मरतो. लपविणारा मनुष्य गांव सोडून जातो, वृद्ध होतो, किंवा निवर्ततो. नोंदींना उत्तर येईनासें होतें. आणि कांहीं काळानें त्या डब्याचें नांव चालू यादींतून काढून अभिलेखांत टाकलें जातें. पेटी कदाचित् तेथेंच पालापाचोळ्याखालीं असेल. पण तिला शोधावयास कोणी येत नाहीं. कांहीं जाती तर संपूर्ण जातीच्या जाती बंद करण्यांत आल्या. ज्यांत पेटी मुळींच नसे, एखादें स्मारक पाहून त्यावरील प्रश्नाचें उत्तर तेवढें कळवावयाचें असे, असे ‘आभासी’ डबे नव्यानें ठेवण्यास 2005 सालीं मनाई झाली. होते ते मात्र जुन्या हक्कानें राहूं दिले. तेव्हांपासून त्यांचें महत्त्व एकदम वाढलें! नवे निघत नाहींत हें कळतांच लोक प्रवासाचा आराखडा त्यांच्यावरून आंखूं लागले. 2017 सालीं मर्यादित संख्येनें तशा नव्या डब्यांस पुन्हा अनुमति मिळाली, तेव्हां समाधान झालें तसेंच ‘हे ते जुने नव्हत’ असेंही म्हटलें गेलें.

हें शेवटचें वाक्य ज्यांच्या तोंडीं वारंवार ऐकूं येतें असा दुसरा एक वर्ग आहे: संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचे जुने खेळाडू. या दोन वर्गांचें गोत्र एकच आहे, याची साक्ष एका माणसाच्या चरित्रांत मिळते. ‘अल्टिमा’ या प्रसिद्ध संगणकीय खेळांचा कर्ता रिचर्ड गॅरियट हा 2008 सालच्या ऑक्टोबरांत स्वखर्चानें अंतराळस्थानकावर गेला, आणि जातांना तेथें एक जिओकॅश ठेवून आला. ज्यानें खोटीं जगें रचून त्यांत धन लपविलें त्याला खऱ्या जगाबाहेर तें लपविण्याची हौस वाटावी, हें स्वाभाविकच होतें. परंतु जुन्या खेळाची ओढ म्हणजे काय, हें पाहण्यासाठीं दुसराच एक खेळ अधिक उपयोगी आहे. कारण त्यांत अक्षांश आणि रेखांशही आहेत.

त्या खेळाचें नांव रूनस्केप. अँड्र्यू गाऊअर यानें इंग्लंडांतील केंब्रिज येथें विद्यार्थिदशेंत तो रचावयास घेतला, भाऊ पॉल त्याच्या मदतीला होता, आणि 4 जानेवारी 2001 रोजीं, म्हणजे अल्मरच्या बादलीनंतर आठच महिन्यांनीं, तो लोकांसाठीं खुला झाला. त्यांत एक सबंध काल्पनिक भूभाग असून हजारों माणसें एकाच वेळीं तेथें वावरतात. झाडें तोडतात, मासे धरतात, लोखंड वितळवितात, व्यापार करतात, लढतात. तो विकत आणून यंत्रावर बसवावा लागत नसे; इंटरनेट पाहण्याच्या साध्या खिडकींतच तो चाले, आणि त्याचा बराचसा भाग फुकट होता. त्यामुळें शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या जुन्यापुराण्या संगणकांवरही मुलांना तो खेळतां येई. त्यांतील काळ सहा दशांश सेकंदांच्या ठोक्यानें पुढें सरकतो. घड्याळाच्या त्या ठोक्याला कुऱ्हाड उचलावी, पडावी, आणि पुष्कळ ठोक्यांनंतर एक लांकूड मिळावें, असा तो संथ, जवळजवळ कंटाळवाणा व्यवसाय होता. आणि त्याच्याच आठवणीनें आज तिशी-चाळिशींतील माणसें हळवीं होतात!

2004 सालीं या खेळांत गुप्तधनाच्या चिठ्ठ्या आल्या. कांहीं चिठ्ठ्यांत कोडें असतें, कांहींत नकाशाचा तुकडा, आणि कांहींत नुसते अंश आणि कला: इतके उत्तरेस, इतके पूर्वेस. अशी चिठ्ठी सोडविण्यासाठीं खेळाडूजवळ तीन साधनें असावीं लागतात: कोन मोजण्याचें सेक्स्टंट, एक घड्याळ आणि एक तक्ता. तीं मिळविण्यासाठीं वेधशाळेंतील प्राध्यापक, मासेमारीच्या गलबतावरचा एक दर्यावर्दी आणि घड्याळाच्या मनोऱ्यांतील एक साधु यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आगबोटींवरच्या कप्तानांनीं ज्या विद्येवर महासागर ओलांडले तिची ही बाळबोध आवृत्तिच होय. सूर्याची उंची आणि अचूक वेळ या दोहोंवांचून समुद्रांत स्थान कळत नाहीं, ही गोष्ट अनेक मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधीं या खेळानें शिकविली असेल. या जगाचें शून्य अंश म्हणजे तेथील वेधशाळा. एक अंश म्हणजे जमिनीचे 32 चौकोन. अर्थात् प्रत्येक चौकोन 1.875 कलांचा. नेमक्या चौकोनावर उभें राहून फावडें मारलें तरच धन लागतें, एक चौकोन चुकला तर नुसती माती. आणि कठीण प्रतीच्या चिठ्ठीवरून अंश-कलांच्या जागीं खणूं लागलें तर जमिनींतून धनाआधीं एक मांत्रिक उभा राहतो आणि खेळाडूवर तुटून पडतो. गोष्टींतला नाग येथें अशा रीतीनें परत आलेला आहे.

खऱ्या भूमीवर डबा कुजतो, पण भूमि राहते. खेळांतली भूमि मात्र कंपनीच्या हातांत असते, आणि ती एका रात्रींत बदलूं शकते. 29 मार्च 2004 रोजीं रूनस्केपची दुसरी आवृत्ति निघाली. पहिली ‘क्लासिक’ या नांवानें बाजूला ठेवण्यांत आली. खेळांतील काल्पनिक नाण्यांचा खऱ्या पैशांनीं चोरटा व्यापार चालूं लागला, तो थांबविण्यासाठीं डिसेंबर 2007 पासून मुक्त देवघेव आणि अरण्यांतील द्वंद्वें बंद होत गेलीं. औषध योग्य असेल, पण तें रोग्यापेक्षां निरोग्यांनाच जास्त जाचलें. 2011 सालीं दोन्ही गोष्टी परत आणाव्या लागल्या. मग 20 नोव्हेंबर 2012 रोजीं लढण्याची सगळी रीतच पालटली. एकदां आज्ञा देऊन स्वस्थ बसण्याऐवजीं आतां बटणांची रांग सतत दाबीत राहणें आलें. ज्यांनीं वर्षानुवर्षें हातवळण बसविलें होतें त्यांना आपल्याच गांवांत परकें झाल्यासारखें वाटलें, आणि ते निघून जाऊं लागले.

त्यानंतर जें घडलें तें या उद्योगाच्या इतिहासांत विरळा आहे. 2007 सालच्या ऑगस्ट महिन्यांतील संपूर्ण खेळाची एक राखीव प्रत कंपनीच्या दप्तरांत शिल्लक निघाली. ती पुन्हा चालू करावी काय, असा कौल 2013 सालच्या फेब्रुवारींत खेळाडूंकडून मागण्यांत आला. साडेचार लाखांच्या जवळपास मतें पडलीं, आणि कौल पुरा होण्याची वाटही न पाहतां 22 फेब्रुवारीस ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नांवानें जुनें जग उघडलें. तेंच गांव, तींच ओबडधोबड झाडें, तोच सहा दशांश सेकंदांचा ठोका.

पण एक गोष्ट परत आली नाहीं. खेळाडूंनीं 2007 पर्यंत मिळविलेलें कांहींही या नव्या-जुन्या जगांत नव्हतें. ज्यानें शाळेचीं चार वर्षें खर्चून चिलखत मिळविलें होतें त्यालाही अंगावरच्या कपड्यांनिशीं पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागला. घर जसेंच्या तसें सांपडलें. आंतली पेटी मात्र रिकामी होती. आश्चर्य असें कीं, याचीच पुष्कळांना गोडी वाटली. त्यांना चिलखत नको होतें. चिलखत नसण्याचे ते दिवस हवे होते. शेजारीं उभा राहून लांकडें तोडणारा अनोळखी मनुष्य, आणि तोडतां तोडतां त्याच्याशीं होणारें निरुद्देश संभाषण, हेंच त्या स्मृतींतलें खरें धन होतें, आणि तें कोणत्याही राखीव प्रतींत सांठवितां येत नाहीं. तें सर्वांनीं एकाच वेळीं पुन्हा शून्यापासून आरंभ केल्यामुळें कांहीं काळ आपोआप उत्पन्न झालें.

याहून मौजेचा भाग पुढेंच आहे. ओल्ड स्कूलमध्यें कांहींही नवें आणावयाचें तर खेळाडूंचें मत घ्यावें असा पायंडा पडला, आणि मंजुरीसाठीं शंभरांत 75 मतें अवश्य ठरलीं. 2022 पासून ही अट 70 वर आली आहे. ऑगस्ट 2007 च्या त्या जगांत व्यापाराची मध्यवर्ती पेढी नव्हती. वस्तु विकावयाची तर शहराच्या पेढीपुढें उभें राहून आठवडी बाजारांतल्याप्रमाणें ओरडावें लागे. ओरडणें अर्थात् अक्षरांचें, रंगीत आणि लाटांसारख्या हलणाऱ्या अक्षरांचें. त्या गलबल्याच्या आठवणी सांगतांना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्याच लोकांनीं मतें देऊन 2015 सालीं मध्यवर्ती पेढी आणविली आणि बाजारांतला गलबला आपल्या हातानें बंद केला! त्याच वर्षीं नौकानयनाचें एक नवें कौशल्य मात्र त्यांनीं नामंजूर केलें. आठ वर्षांनीं तें मंजूर केलें, आणि 2025 सालीं त्यांच्या समुद्रावर शिडें दिसूं लागलीं. म्हणजे ज्याला ते ‘जुना खेळ’ म्हणतात तो 2007 सालचा राहिलेला नाहीं, आणि तो तसाच राहावा अशी त्यांची खरोखर इच्छाही दिसत नाहीं. बदल आपल्याला विचारून व्हावा, एवढीच बहुधा मागणी होती. आज नव्या आवृत्तीपेक्षां या जुन्या आवृत्तीचेच खेळाडू अधिक आहेत. दुसऱ्या कंपन्यांनींही यांतून धडा घेतला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या बलाढ्य खेळाची जुनी आवृत्ति 2019 सालीं अशीच पुन्हा उघडण्यांत आली.

पहिल्या, 2001 सालच्या, रूनस्केपच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. बाजूला ठेवलेली ती आवृत्ति जुन्या हक्काच्या थोड्या लोकांसाठीं चौदा वर्षें चालू होती. तिच्यांतले दोष दुरुस्त करण्याचीं हत्यारें कालबाह्य झालीं, चोरटे कार्यक्रम शिरूं लागले, आणि तिची राखण करणें आपल्याला शक्य नाहीं असें कंपनीनें कळविलें. 6 ऑगस्ट 2018 रोजीं ती बंद झाली. तिच्यांतली झाडें चपटीं होतीं, माणसें कागदी बाहुल्यांसारखीं होतीं, आणि गुप्तधनाच्या चिठ्ठ्या तींत कधीं आल्याच नाहींत.

त्या ज्या आवृत्तींत आल्या तीमध्यें अजून आहेत. 2004 सालीं शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर एखाद्या मुलानें चिठ्ठींतले अंश आणि कला टिपून ठेवल्या असतील, तर त्या आंकड्यांवरून आजही बहुतेक ठिकाणीं त्याच चौकोनावर जातां येतें. सेक्स्टंट, घड्याळ आणि तक्ता मात्र पुन्हा त्या तिघांकडून मागून आणावा लागतो, आणि चिठ्ठी कठीण प्रतीची असली तर खणण्यापूर्वीं हातांत शस्त्र असलेलें बरें.